वजनाआधी उतरलेली साखर

‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’मध्ये १९९५ साली छापून आलेल्या एका शोधनिबंधाच्या शीर्षकाची सुरुवातच ‘कुणाला वाटलं असतं?’ अशी होती. लेखक होते नॉर्थ कॅरोलिनातले सर्जन वॉल्टर पोरीस आणि त्यांचे सहकारी. अतिलठ्ठ रुग्णांचं वजन उतरावं म्हणून ते गॅस्ट्रिक बायपास करत. पाठपुरावा झालेल्या १४६ मधुमेही रुग्णांपैकी १२१ जणांची साखर ताळ्यावर आली आणि राहिली. वजन उतरायला महिने लागतात. साखर मात्र अनेकांची टाके सुकायच्या आतच उतरू लागली होती. खरं कोडं हे होतं.

या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाला स्टेपलरने अंड्याएवढी, सुमारे ३० मिलिलीटरची पिशवी वेगळी करतात. उरलेलं जठर काढून टाकत नाहीत. ते आतच राहतं, फक्त अन्न तिकडे फिरकत नाही. मग लहान आतडं कापून त्याचा पुढचा भाग वर ओढून या पिशवीला जोडतात. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस आणणारा तुकडा मीटर-दीड मीटर पुढे नेऊन आतड्यालाच जोडला जातो. म्हणजे घास आतड्याचा सुरुवातीचा भाग चुकवून लवकर खाली पोचतो. तिथल्या पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक भरपूर सोडतात आणि स्वादुपिंड इन्सुलिन वाढवतं. हल्ली गाजणारी आठवड्याची इंजेक्शनं याच संप्रेरकाची नक्कल करतात.

सर्जन फ्रान्सेस्को रुबिनो यांनी २००४ मध्ये असाच एक प्रयोग उंदरांवर केला, तोही लठ्ठ नसलेल्या मधुमेही उंदरांवर. जठराला हात न लावता त्यांनी फक्त आतड्याचा सुरुवातीचा भाग वळसा घालून टाळला. वजनात फरक नाही, तरी साखर सुधारली. मधुमेहाचं मूळ आतड्यात आहे, असं काही जण तेव्हा उत्साहाने म्हणू लागले.

उत्साहाला लगाम बसला २०२० साली. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सॅम्युएल क्लाइन यांच्या गटाने ११ जणांचं वजन फक्त आहाराने उतरवलं आणि ११ जणांचं बायपासने. दोन्हीकडे सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास. इन्सुलिनचा परिणाम, स्वादुपिंडाचं काम, सगळ्यांत सुधारणा जवळपास सारखीच. माझं मत विचाराल तर, माणसाच्या बाबतीत पारडं तूर्त वजनाकडे झुकलंय. पण आहाराने १८ टक्के उतरवून ते वर्षानुवर्षं टिकवणारे किती, हेही विचारायला हवं.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने १५० रुग्णांची तुलना केली. पाच वर्षांनी एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी टक्केवारी, ६ किंवा त्याखाली राहिलेले बायपास गटात २९ टक्के, जठराचा मोठा भाग काढून टाकणाऱ्या स्लीव्ह गटात २३, नुसत्या औषधांवर ५. स्वीडनच्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्ण मधुमेहातून बाहेर होते, दहा वर्षांनी ३६. ‘मधुमेह कायमचा घालवा’ म्हणणाऱ्या जाहिरातींत हा दुसरा आकडा कधी दिसत नाही. शिवाय बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर मागे लागतात. बायपासनंतर एखादी जिलेबी खाल्ली तरी काहींना दरदरून घाम, धडधड आणि जुलाब.

आपल्यासाठी यात एक वेगळी मेख आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. भारतीय माणूस काट्यावर सडपातळ दिसूनही आतून चरबीचा असू शकतो. म्हणूनच २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई लोकांसाठी या शस्त्रक्रियेची बीएमआयची मर्यादा अडीचने खाली आणली. औषधांनी साखर आटोक्यात येत नसेल, तर २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. पाच फूट सात इंच उंचीला हे वजन होतं सुमारे ८० किलो. अशा माणसाला आपण ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून मोकळे होतो.

पण मधुमेह किती जुना, यावर बरंच अवलंबून असतं. पाच-सहा वर्षांचा आणि गोळ्यांवर असलेला रुग्ण चांगला प्रतिसाद देतो. वीस वर्षं इन्सुलिन घेणाऱ्याच्या स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या फारशा पेशी उरलेल्या नसतात. म्हणून वजनासोबत सी-पेप्टाइडची तपासणी करतात. शरीर स्वतःचं इन्सुलिन अजून किती बनवतं, ते तिच्यातून कळतं.