समज हरपलेल्या माणसाचा कारभार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीसारख्या गावात शेत, पेन्शन आणि बँकेतली ठेव बहुधा घरातल्या वडीलधाऱ्याच्या नावावर असते. त्याला स्मृतिभ्रंश झाला किंवा झटक्यानंतर समज गेली की घराचा कारभार अडतो. बौद्धिक अक्षमता असलेलं मूल अठरा वर्षांचं झालं की हीच अडचण उभी राहते. मग जो तो सल्ला देतो, आणि चुकीच्या सल्ल्याचं नुकसान सोसावं लागतं ते आजारी माणसालाच.

गैरसमज : थोरल्या मुलाची सही चालते.
वस्तुस्थिती : सज्ञान व्यक्तीच्या मालमत्तेवर केवळ नात्यामुळे कुणालाही सहीचा अधिकार मिळत नाही, पत्नीलाही नाही. आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्वसुद्धा मूल अठरा वर्षांचं होताच संपतं.

गैरसमज : कुलमुखत्यारपत्र केलंय, आता काळजी नाही.
वस्तुस्थिती : भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार, ते देणाऱ्याची समज गेली की मुखत्याराचा अधिकार संपतो. समज गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र इंग्लंडमध्ये करता येतं, आपल्याकडे ती सोय नाही.

गैरसमज : अंगठा घेतला की काम झालं.
वस्तुस्थिती : हात थरथरतो पण व्यवहार कळतो, अशा खातेदाराचा अंगठा बँक दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घेते, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. ज्याला व्यवहारच कळत नाही, त्याचा अंगठा लावलेलं खरेदीखत मात्र नोंदवलं गेलं तरी न्यायालयात टिकत नाही.

गैरसमज : मानसिक आजाराचे उपचार सुरू आहेत, म्हणजे त्याचे हक्क संपले.
वस्तुस्थिती : मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ स्पष्ट सांगतो की केवळ निदानामुळे कुणी विकल मनाचा ठरत नाही, ते सक्षम न्यायालयच ठरवतं. मन शुद्धीवर असतानाच्या काळात अशा व्यक्तीला मृत्युपत्रही करता येतं. याच कायद्याखाली नेमलेला प्रतिनिधी उपचारांच्या निर्णयापुरता असतो. बँकेच्या किंवा जमिनीच्या व्यवहारात त्याला अधिकार नाही.

गैरसमज : पालक नेमायचा तर मुंबई गाठावी लागते.
वस्तुस्थिती : स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. तिचं काम जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर, म्हणजे सोलापुरात चालतं. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये ठरावीक निर्णयांपुरत्या मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयात जाता येतं. कोमा किंवा बळावलेल्या स्मृतिभ्रंशात अनेक कुटुंबं उच्च न्यायालयाकडे दाद मागतात. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ (सर्किट बेंच) कोल्हापुरात बसतं.

गैरसमज : पालक झालो म्हणजे मालक झालो.
वस्तुस्थिती : राष्ट्रीय न्यास कायद्याखाली नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. हेळसांड किंवा अफरातफर केली तर त्याला काढून टाकता येतं.

वकिलाच्या फीच्या धास्तीने थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार दिव्यांग व मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना मोफत वकील मिळतो. अक्कलकोटच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. आणि घरातलं वडीलधारं माणूस अजून शुद्धीत असेल, तर मृत्युपत्र, बँकेतलं नामनिर्देशन आणि संयुक्त खातं यांचा निर्णय त्याला स्वतःला आत्ताच घेऊ द्या.