घाटात स्कूटरचा बेल्ट का तापतो?

चाळीसगावहून कन्नड घाट, मे महिन्याची दुपार, डबलसीट. आणि मध्येच जळका वास! गिअरलेस स्कूटरमध्ये इंजिनची ताकद रबरी बेल्टवरून मागच्या क्लचला जाते. गुलमर्गच्या बर्फातल्या स्नोमोबाइलचंही तसंच. खोल बर्फात लोड जास्त, वेग कमी, की बेल्ट घसरून तापतो.

आपल्याकडची सगळ्यात वाईट सवय म्हणजे चढावर ट्रॅफिकमध्ये ब्रेकऐवजी रेस देऊन गाडी तोलून धरणं. त्यात क्लचचे शू ड्रमवर नुसते घासत राहतात. काळ्या मातीच्या चिखलात रुतलेली गाडी रेस करून काढतो, तेव्हाही तेच. त्यापेक्षा ब्रेक धरा, पुढे जागा झाली की सलग निघा. वास आलाच तर सावलीत थांबून इंजिन बंद करा, केसवर पाणी ओतू नका. बेल्ट तुटला तर इंजिन ओरडतं, पण चाकाला ताकदच जात नाही. मग ढकला घाटभर! सर्व्हिसिंगला बेल्टच्या चिरा आणि चपटे झालेले रोलर बघायला सांगाच.