चाळिशीनंतर (लेखांक ७) : पिशवी काढण्याआधी

गेल्या लेखांकात अंगातून उठणाऱ्या वाफांविषयी लिहिलं. त्यानंतर आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा होता : ‘माझी पिशवी काढलीय. मग माझी पाळी गेली असंच धरायचं का?’ विचारणाऱ्यांची वयं पंचेचाळीस, अडतीस, एकीचं तर तेहतीस. म्हणून ठरलेला हाडांचा विषय आठवडाभर पुढे ढकलते आणि आज पिशवीविषयीच लिहिते.

सुरुवात सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलातून करते. गोदूताई परुळेकरांचं नाव असलेली ही विडी कामगार बायकांची वसाहत. दुपारची वेळ होती. एक अक्का उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली, शेजारी कात्री आणि दोऱ्याचं रीळ. माझ्याशी बोलताना त्यांची नजर माझ्याकडे, पण बोटं आपली पानात तंबाखू भरून, वळून, नखाने तोंड मुडपत होती. चार महिन्यांपासून पाळी आली की दहा-दहा दिवस थांबत नव्हती. पहिले दोन दिवस तर सुपासमोर बसवत नसे. जिथे हजार विड्या व्हायच्या तिथे पाचशेवर दिवस मावळायचा.

सुपाखालून त्यांनी सोनोग्राफीचा कागद काढला. ‘‘पिशवीला सूज हाय म्हणले, ताई. आत्ता काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होतंय म्हणलालेत.’’ शेजारीण तिच्या दारातूनच म्हणाली, ‘‘काढून टाक की अक्का. पोरं झाली, लग्नं झाली. आता काय काम हाय तिचं?’’

या दोन वाक्यांत सगळा विषय आला. एकात भीती आहे, दुसऱ्यात पिशवी आता निरुपयोगी आहे हा समज. दोन्ही नीट तपासून पाहू.

आधी ‘सूज’. कागदावर लिहिलेलं असतं ‘बल्की युटेरस’, म्हणजे गर्भाशय थोडं मोठं दिसतंय. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं असणं नेहमीचं आहे. ‘पिशवीच्या तोंडाला जखम’ हे शब्दही असेच घाबरवतात. बहुतेक वेळा तो त्या भागाच्या नाजूक आवरणातला निरुपद्रवी बदल असतो. फायब्रॉइडच्या गाठी चाळिशीत पुष्कळ जणींना असतात. त्या क्वचितच कॅन्सरच्या निघतात आणि पाळी गेल्यावर सहसा आपोआप आकसतात. कागदावरचा एक शब्द हे शस्त्रक्रियेचं कारण नव्हे. कारण असतो तो बाईला होणारा त्रास, आणि त्या त्रासामागे तपासणीत जे सापडेल ते.

मग चाळिशीत रक्तस्राव का वाढतो? आपल्या मागांच्या गावाला कळेल असं सांगते. गर्भाशयाचं अस्तर वाढवण्याचं काम इस्ट्रोजेन करतं. स्त्रीबीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन तयार होतं, आणि ते या वाढीला आवर घालून महिन्याच्या शेवटी अस्तर नीट बाहेर पडू देतं. चाळिशीनंतर काही महिने बीज सुटतच नाही. माग चालूच राहतो, पण ताका कापायला कुणी येत नाही. अस्तर जाड होत जातं, मग कधीतरी उशिरा, तुकड्या-तुकड्याने, खूप दिवस पडत राहतं. पाळी कायमची थांबण्याआधीची काही वर्षं अनेकींची अशी जातात. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही, की ती गेली असं मानतात.

नेहमीचं आहे म्हणून सोसत बसावं, असं मात्र मुळीच नाही. अंगावरून इतकं जात राहिलं तर रक्त कमी होतं, धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायचं, सोनोग्राफी करायची. पंचेचाळिशी ओलांडलेली असेल, किंवा उपचारांनी फरक पडत नसेल, तर अस्तराचा छोटा नमुना घेऊन तपासायचा. उपचारही पायरी-पायरीने असतात. स्राव कमी करणाऱ्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या. त्यापुढे गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी. साध्या तांबीने स्राव वाढू शकतो, हिच्याने तो कमी होतो, आणि अनेकींची शस्त्रक्रिया टळते. इतकं करूनही त्रास थांबला नाही, गाठी फार मोठ्या असल्या, अंग बाहेर येत असलं किंवा नमुन्यात कॅन्सर निघाला, तर पिशवी काढणं योग्य आणि कधी जीव वाचवणारं असतं. अशा बाईने या लेखामुळे शस्त्रक्रिया लांबवू नये.

आता ‘काय काम आहे तिचं’ याकडे वळू. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण दोन्ही बाजूंचे बीजकोष हार्मोन तयार करत राहतात. म्हणजे खऱ्या अर्थाने पाळी गेलेली नसते, फक्त दिसायची थांबते. तरीही अशा बायकांचे बीजकोष काही वर्षं लवकर थकू शकतात. पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर मात्र जे बदल चार-पाच वर्षांत हळूहळू व्हायचे ते एका रात्रीत अंगावर येतात : वाफा, झोप उडणं, चिडचिड, कोरडेपणा. पुढे हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. तेहतीस वर्षांच्या ज्या बहिणीने प्रश्न पाठवला, तिला माझं सांगणं असं : तुमचे बीजकोष ठेवलेत की काढलेत, हे शस्त्रक्रियेच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद शोधा. काढले असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना हार्मोनच्या उपचारांविषयी विचारा. तुमच्या वयात ते घेण्याची कारणं पन्नाशीच्या बाईपेक्षा वेगळी आणि जास्त सबळ असतात.

हा प्रश्न एकट्या-दुकट्या बाईचा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या तिघींची पिशवी काढलेली आढळली. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झाल्या होत्या. सर्वांत वर होते आंध्र आणि तेलंगण, जिथे आपल्या पद्मशाली विणकर घरांचं माहेर-सासर आजही आहे. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ऊसतोड बायकांची पाहणी आली. ८२ हजार ३०९ बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली होती. अशा कित्येक बायका हंगामात आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या फडात कोयता घेऊन असतात. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मजुरी बुडते, म्हणून त्या पाळीच नको म्हणतात. अक्कांच्या अर्ध्या राहिलेल्या हजारामागचं गणितही तेच होतं.

आणि कॅन्सरची भीती? त्या भीतीला उत्तर देण्याचं मोठं काम आपल्याच जिल्ह्याच्या आधाराने झालं आहे, हे सोलापुरातल्या फार थोड्या बायकांना माहीत आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयात १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांची कॅन्सर नोंदवही ठेवली जाते. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदवही. टाटा मेमोरियल, जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आणि बार्शीचं हे रुग्णालय यांनी मिळून १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचं काम सुरू केलं. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका त्यात होत्या. गावांचे चार गट केले. एका गटाची हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, दुसऱ्याची पॅप, म्हणजे तिथल्या पेशींची तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून पिशवीचं तोंड डोळ्यांनी पाहिलं. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा आणि तपासणी कुठे मिळते याची माहिती मिळाली, पण तपासणी त्यांच्या गावात आली नाही.

आठ वर्षांचा निकाल २००९ मध्ये जगासमोर आला. एचपीव्ही गटात सुमारे ३४ हजार बायका होत्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने त्यातल्या ३४ गेल्या. चौथ्या गटात साडेएकतीस हजार बायकांपैकी ६४ गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ज्यांच्या तपासणीत विषाणू आढळला नव्हता, त्यांच्यापैकी एकही बाई त्या आठ वर्षांत या कॅन्सरने दगावली नाही.

पिशवी तोंडासकट काढली तर तिथे कॅन्सर होणार नाही, हे खरं. पण हा कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आणि आधीचा बदल सापडला तर तेवढाच भाग गोठवून किंवा काढून बाई त्याच दिवशी घरी जाते. त्यासाठी सगळी पिशवी द्यावी लागत नाही, आणि साठवलेले पैसेही जात नाहीत. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमध्ये गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या दोघीही भरत नाहीत.

अक्कांना मी कागदाच्या मागे चार प्रश्न लिहून दिले. तुम्हीही ते डॉक्टरांना आदराने, पण सरळ विचारा. रक्तस्रावाचं नेमकं कारण काय सापडलं? शस्त्रक्रियेशिवाय कोणता उपचार करून पाहता येईल? कॅन्सरची शंका असेल तर नमुना किंवा तपासणी आधी करायची का? आणि पिशवी काढावीच लागली तर बीजकोष ठेवणार का? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. समाधान झालं नाही तर सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, दुसरं मत घ्या. एक गोष्ट मात्र कधीही टाळू नका : पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत डाग दिसला, संबंधानंतर रक्त गेलं किंवा घाण वास येणारं पाणी जाऊ लागलं, तर ‘वयाचं आहे’ म्हणून एक आठवडाही थांबू नका. दहापैकी नऊ जणींच्या डागाला साधं कारण निघतं. तपासणी त्या दहाव्या बाईसाठी असते.

बार्शीची गोष्ट मी अक्कांनाही सांगितली. सगळं ऐकून त्यांनी पहिल्यांदाच हातातली विडी सुपात ठेवली. म्हणाल्या, ‘‘आणि त्या बाया? ज्यांच्या गावात तपासणी गेली नाही?’’

हाच प्रश्न पुढे जाणत्यांनीही विचारला. त्या गटाला तपासणीविना ठेवणं बरोबर होतं का, यावर मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण अक्कांना मी एवढंच म्हणाले : त्या चौसष्ट जणी इथून एसटीने काही तासांवर राहत होत्या. त्यांच्या नोंदीमुळे आज आपल्याला कळतं की तपासणीने किती जीव वाचतात. ते कळूनही आपण तपासायला गेलो नाही, तर त्यांचं जाणं वाया जाईल.

अक्कांनी कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि विचारलं, ‘‘सिव्हिलमध्ये बायकांची ओपीडी कोणत्या वारी असती?’’

(पुढच्या आठवड्यात : हाडं, ज्वारीची भाकरी आणि तीळ)