कार्य आधी, कारण मागाहून?

बी पेरल्यावाचून अंकुर फुटत नाही आणि वीज चमकल्यावाचून गडगडाट होत नाही. कारण आधी व कार्य नंतर, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याविषयी शंका घेण्याचे आपणांस सुचतही नाही. परंतु विसाव्या शतकात काही पदार्थवैज्ञानिकांनी व तत्त्ववेत्त्यांनी नेमकी हीच शंका उपस्थित केली. नंतर घडणारी घटना आधीच्या घटनेचे कारण असू शकेल काय? अशा संबंधास आपण ‘उलट कार्यकारणभाव’ म्हणू.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वादळापूर्वी वायुभारमापकातील पारा उतरतो. म्हणून वादळ हे पारा उतरण्याचे कारण ठरत नाही. हवेचा दाब आधीच कमी झालेला असतो. विद्यार्थी उद्याच्या परीक्षेसाठी आज अभ्यास करतो. तेथेही कारण म्हणजे उद्याची परीक्षा नसून तिच्याविषयीची आजची अपेक्षा होय. परीक्षा ऐनवेळी रद्द झाली, तरी केलेला अभ्यास पुसला जात नाही.

मग कारण आधीच का असावे? डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने १७३९ साली असे प्रतिपादन केले की, नित्य जोडीने घडणाऱ्या दोन घटनांपैकी जी आधीची तिलाच आपण कारण म्हणतो. पण हे मान्य केल्यास तो निसर्गाचा नियम न राहता केवळ शब्दाची व्याख्या ठरते.

निसर्गाचे नियम याबाबत मौन पाळतात. मॅक्सवेलच्या विद्युच्चुंबकीय समीकरणांची उत्तरे दोन प्रकारची असतात. एका उत्तरात लहर उगमापासून निघून काही वेळाने दूर पोहोचते; दुसऱ्यात ती उगमाच्या हालचालीपूर्वीच दूरच्या स्थळी असते. दुसरे उत्तर अनुभवास येत नाही म्हणून सामान्यतः सोडून देतात. व्हीलर व फाइनमन यांनी मात्र १९४५ साली दोन्ही उत्तरांना समान स्थान देणारा सिद्धांत मांडला. सर्व प्रारण शोषून घेणारे द्रव्य विश्वात असल्यास, त्या द्रव्याच्या प्रतिसादामुळे उलट दिशेच्या लहरी परस्परांना नाहीशा करतात, असे त्यांनी दाखविले.

याविरुद्ध मॅक्स ब्लॅक याने १९५६ साली एक प्रबळ आक्षेप घेतला. त्याचा आशय एका उदाहरणाने सांगता येईल. सायंकाळी कळ दाबल्यामुळे त्याच दिवशी सकाळी दिवा लागतो, असे क्षणभर समजा. सकाळी दिवा लागलेला दिसला, तर सायंकाळी आपण मुद्दाम कळ दाबणार नाही. न लागलेला दिसला, तर ती अवश्य दाबू. मग कळ दिव्याचे कारण कशी राहील?

मायकेल डमेट याने १९६४ साली या प्रश्नाची अधिक खोलवर चिकित्सा केली. दोन तासांपूर्वी जहाज बुडाल्याचे व थोडे प्रवासी वाचल्याचे एका पित्यास कळते. त्याचा पुत्र त्या जहाजावर होता. तो वाचलेल्यांत असावा, अशी प्रार्थना पिता करतो. घडलेले बदलावे, अशी त्याची मागणी नाही. काय घडले हेच त्यास ठाऊक नाही. भूतकाळ बदलणे आणि भूतकाळातील घटनेस कारण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली स्वविरोधी आहे. दुसरी तशी आहे, हे सिद्ध करणे सोपे नाही.

येथे पदार्थविज्ञान पुन्हा पुढे येते. ब्लॅकचा डाव साधण्यासाठी दिव्याकडे आधी पाहता आले पाहिजे. प्रकाशकणांच्या सूक्ष्म विश्वात असे निर्विघ्न पाहणे शक्य नसते. कण कोणत्या वाटेने गेला हे तपासताच प्रयोगाचा परिणामच बदलतो. २००७ साली फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगात, ४८ मीटर लांबीच्या उपकरणात एकेक प्रकाशकण शिरल्यानंतर त्याच्या दोन वाटा शेवटी एकत्र आणावयाच्या की नाही हे ठरविण्यात आले. वाटा एकत्र आणल्या तेव्हा लहरींप्रमाणे व्यतिकरण दिसले. न आणल्या तेव्हा दिसले नाही. नंतरच्या निवडीने आधीचा मार्ग ठरला, असा अर्थ काही विचारवंत लावतात. मोजण्यापूर्वी कणास निश्चित मार्गच नव्हता, मग ठरावयाचे काय, असे इतर म्हणतात. प्रयोगाची आकडेवारी दोन्ही अर्थांशी जुळते, आणि भूतकाळात संदेश धाडण्याचा मार्ग तिच्यातून मुळीच निघत नाही.

तेव्हा उलट कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही आणि अशक्यही ठरलेला नाही. झालेली चूक पुसण्याचे आश्वासन मात्र तो कोणासही देत नाही.