घोड्याला मेंदूज्वर

दारचे घोडे तापते. चारा खात नाही. पाय अडखळतात, समोरची भिंत दिसत नाही. लोक म्हणतात, "बाधा झाली!" पण मंडळी, ही बाधा नव्हे. हा मेंदूचा रोग असू शकतो. त्याचे नाव जपानी मेंदूज्वर. तो आधी जपानात ओळखला गेला, म्हणून हे नाव. आपल्या देशात १९५५ साली वेल्लोर येथे माणसांत तो आढळला. विदर्भातही तो होतो.

हा रोग येतो कोठून? बगळे आणि डुकरे यांच्या रक्तात याचे विषाणू वाढतात. भातखाचरात वाढलेला डास त्यांना चावतो. मग तोच डास घोड्याला नाही तर माणसाला चावतो.

घोड्याच्या रक्तात हे विषाणू फार थोडे असतात. त्याला चावून डास हा रोग पुढे नेत नाही. म्हणून आजारी घोड्याला हाकलू नका. गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. त्याच्या तोंडात मात्र हात घालू नका; ते पिसाळलेलेही असू शकते.

पण एवढे ध्यानात धरा. घोड्याला चावणारे डास आपल्या पोरांनाही चावतात. रात्री मच्छरदाणी लावा. डुकरे घरापासून लांब ठेवा. सरकारी लस मिळत असेल तेथे मुलांना टोचून घ्या. मुलाला जोराचा ताप येऊन झटके आले, तर देवऋषाकडे वेळ घालवू नका. तडक दवाखाना गाठा. हे विषाणू मारणारे औषध नाही. पण वेळेवर उपचार झाले तर जीव वाचू शकतो.