हिशेब तीन वर्षांचा की पाच?

माउलींची पालखी नातेपुत्याचा मुक्काम हलवून माळशिरसकडे निघाली, त्याच दुपारी शेजारच्या वहिनी लेकीला घेऊन माझ्याकडे आल्या. वारकऱ्यांसाठी भाकऱ्या थापून आम्हा दोघींचे हात भरून आले होते, पण थांबायला वेळ नव्हता. लेकीचं नाव दोन कॉलेजांत लागलेलं आणि पैसे भरायची मुदत दोन दिवसांवर!

"ताई, तुमीच सांगा हिला. पुण्याचंच धरून बसलीय. गळ्यातली बोरमाळ मोडू का आता?"

पोरीला मानसशास्त्र घ्यायचंय. का, ते मला ठाऊक होतं. तिची आत्या सहा वर्षं देवऋष्याच्या अंगाऱ्यावर होती. शेवटी आम्ही तिला सोलापूरला सिव्हिलमध्ये नेलं, तेव्हा ही बारा वर्षांची पोर हट्टानं गाडीत बसली होती. गोळ्या सुरू झाल्या आणि आत्या आज खुरपायला जाते. तेव्हापासून हिच्या डोक्यात हेच.

एकीकडे पुण्याचं फर्ग्युसन, १८८५ सालचं. दुसरीकडे बारामतीचं तुळजाराम चतुरचंद. फर्ग्युसनच्या नावाला वजन आहे, ते मी कशाला नाकारू? पुण्यात ग्रंथालयं, व्याख्यानं, मुक्तांगणसारख्या संस्था हाताशी. पण दोन्ही कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच, हे मी सांगितलं तेव्हा वहिनी सरळ होऊन बसल्या. "म्हंजे डिग्री एकच?" "विद्यापीठ एकच," मी म्हटलं.

मग कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. पुण्यात कॉट आणि मेस मिळून महिन्याला नऊ हजारांच्या खाली कोणी बोलत नव्हतं. दहा महिने धरले तरी वर्षाला नव्वद हजार, तीन वर्षांचे दोन लाख सत्तर हजार. फी, पुस्तकं, येणं-जाणं वेगळंच. बारामतीला एस.टी.नं रोज जाऊन-येऊन तीन तास तरी मोडणार, पण विद्यार्थ्यांच्या सवलतीचा पास आहे. (बारावीपर्यंत मुलींना फुकट असतो, तो मात्र आता संपला.)

"पण मुलींची फी सरकारनं माफ केलीय ना?" वहिनींचा प्रश्न. हा घोळ गावात घरोघरी आहे. २०२४ चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, साधं बी.ए. त्यात बसत नाही. म्हणून पोरीला दोन्हीकडे फोन करून विचारायला लावलं, सायकॉलॉजीची तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? एकाच कॉलेजात या एका शब्दानं फीचा आकडा कुठल्या कुठे जातो. मेजर विषय तिसऱ्या वर्षापर्यंत नक्की राहणार का आणि पेपर मराठीत लिहिता येईल का, तेही विचारून घेतलं.

घरी बसून बाहेरून करावं, असं तिच्या वडिलांचं म्हणणं होतं. तो रस्ता बंद झाला. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ पासून मानसशास्त्राचे दूरशिक्षणातले नवे प्रवेश थांबवले.

खरं बोलायचं ते मी शेवटी बोलले. नुसत्या बी.ए.वर कोणी समुपदेशक होत नाही. पुढे एम.ए.ची दोन वर्षं धरायलाच हवीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. म्हणजे हिशेब तीन वर्षांचा नाहीच, निदान पाच वर्षांचा आहे. सगळं सोनं बी.ए.लाच मोडलं, तर एम.ए.ला काय मोडायचं? आमच्या बचत गटातल्या एकीनं सहा महिन्यांच्या 'कौन्सेलर' कोर्सला चाळीस हजार घातले. सर्टिफिकेट भिंतीवर आहे, काम नाही.

पोरगी गप्प झाली. डोळे भरले होते. मलाही वाईट वाटलं. आपणच पोरींना पुण्याची स्वप्नं दाखवायची आणि आपणच आकडे मांडायचे! बारामतीला ती पुण्याइतकं पाहील का? नाही पाहणार. रोजच्या त्या तीन तासांत अभ्यास किती होईल, याचीही मला धास्तीच आहे.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "काकू, एम.ए.ला तरी पुण्याला पाठवाल?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग बोरमाळेला हात लावून म्हणाल्या, "ही तवर माझ्या गळ्यातच ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं दोघी बारामतीला फी भरायला गेल्या. पासासाठी कॉलेजचा दाखला मिळाला, पण फोटो घरीच विसरले. आता सोमवारी पुन्हा खेप.