ढाबळीचा जमाखर्च

नोव्हेंबर 2020 मध्ये बेल्जियममधल्या एका ऑनलाइन लिलावात 'न्यू किम' नावाची दोन वर्षांची कबुतरी 16 लाख युरोंना विकली गेली. बोली सुरू झाली होती 200 युरोंपासून. आदल्या वर्षी 'अरमांडो' नावाच्या नराला साडेबारा लाख युरो मिळाले होते. दोन्ही गिऱ्हाइकं चीनमधली. आकडे ऐकून डोळे पांढरे होतात आणि त्या नादात मुद्द्याची गोष्ट मागे राहते. 16 लाख मोजणाऱ्याला न्यू किम शर्यतीत उडवता येणार नव्हती. दार उघडलं असतं तर ती नव्या मालकाच्या गच्चीवर रेंगाळली नसती, जुन्या घराची दिशा शोधत निघून गेली असती.

कबुतरांच्या शर्यतीचा हिशेब इथूनच उफराटा होतो. पैसेवाला माणूस तयार घोडा विकत घेऊन महालक्ष्मीला पळवू शकतो. होमर जातीचं कबूतर मात्र ज्या ढाबळीवरून पहिल्यांदा आभाळ पाहतं, तिलाच घर मानतं. जाणता पक्षी विकत आणला की त्याला कायम आत ठेवायचं, त्याची जोडी लावायची आणि पिल्लं उडवायची. इंग्लंडातले शौकीन अशा पक्ष्यांना 'कैदी' म्हणतात. दुसरा रस्ता म्हणजे चार-पाच आठवड्यांची, अजून बाहेर न पडलेली पिल्लं आणायची. नवख्याला हाच रस्ता परवडतो. हंगामाच्या शेवटी जुन्या शौकिनांकडे पिल्लं जास्त झालेली असतात. माणूस टिकेल असं वाटलं, तर ते दोन-चार पिल्लं नुसती देऊनही टाकतात.

फुकट घ्यायची लाज वाटायचं कारण नाही. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड यानं 1886 मध्ये इंग्लंडच्या राजघराण्याला कबुतरं भेट दिली आणि त्यातूनच सँड्रिंगहॅमची शाही ढाबळ उभी राहिली. ओडिशा पोलिसांची कपोत सेवा 1946 मध्ये कोरापुटला सुरू झाली, तीही लष्कराकडून मिळालेल्या पक्ष्यांवर.

मग पैसा जातो कुठे? आधी लाकडात. वीसेक पक्ष्यांना आठ बाय सहा फुटांची, माणूस उभा राहील एवढ्या उंचीची खोली पुरते. ती जमिनीपासून हातभर उचललेली हवी, म्हणजे खाली ओल धरत नाही आणि घुशींना बिळं करायला आडोसा मिळत नाही. जाळी बारीक हवी. हवा खेळती हवी, पण वाऱ्याचा झोत थेट अंगावर नको. प्रत्येक पक्ष्याला बसायला स्वतःचा कप्पा लागतो, कारण कबूतर दिसतं गरीब, पण जागेवरून पंखांनी फटके मारत भांडतं. दर्शनी बाजूला उतरायची फळी आणि तिच्यामागे लोंबत्या तारांचा पडदा असतो. या तारा आत ढकलल्या की हलतात, बाहेर हलत नाहीत. पक्षी आपण होऊन आत शिरतो, आपण होऊन बाहेर पडू शकत नाही.

हे सगळं मोडक्या दारांच्या लाकडातून आणि जुन्या पत्र्यांतून होतं. इंग्लंडच्या उत्तरेत खाणकामगारांनी पिढ्यानपिढ्या अशाच ठिगळांच्या ढाबळी बांधल्या. तयार ढाबळ मागवणारा नवखा रंगावर आणि उतरत्या छपरावर खर्च करतो, आणि पहिल्या पावसाळ्यात त्याच्या लक्षात येतं की वारा नेमका पावसाच्याच बाजूनं आत येतो. त्यानं आधी दोन-चार जुन्या ढाबळी पाहायला जावं. त्याला पैसे पडत नाहीत.

दाण्याचा हिशेब सोपा आहे. होमर दिवसाला साधारण 30 ग्रॅम खातो. 20 पक्ष्यांचे 600 ग्रॅम, म्हणजे महिन्याला 18 किलो. मका, ज्वारी, बाजरी, वाटाणा, मसूर, थोडी करडई अशा मिश्रणाला किलोमागे 50 रुपये धरले तर 900 रुपये झाले. शिवाय ग्रिट लागतं. शिंपल्यांचा चुरा, विटेचा भुगा आणि बारीक खडे, हे पोटात गेल्याशिवाय दाणा दळला जात नाही. आपल्याकडचे कोंबडीवाले ज्या रोगाला मानमोडी म्हणतात, त्याचाच भाऊबंद कबुतरांनाही होतो. मान पिळवटते, पक्षी दाण्यावर चोच मारतो आणि दाणा चुकतो. त्याची लस वर्षाला टोचावी लागते. जंत, घशातला पिवळा खरवडा आणि डासांमुळे येणारी देवी यांची औषधं वेगळी.

पायातलं कडं क्षुल्लक किमतीचं असतं, पण उधारीवर मिळत नाही. पिल्लू आठवडाभराचं असताना त्याची पुढची तीन बोटं जुळवून, मागचं बोट पायाला दाबून, वर्ष आणि क्रमांक कोरलेलं ते अखंड कडं वर सरकवतात. चार दिवस उशीर झाला की पाऊल मोठं होतं आणि कडं चढत नाही. पायात कडं नसलेल्या पक्ष्याला संस्थेच्या शर्यतीत जागा नसते. नवख्याची पहिली चांगली पिल्लं अशी वाया जाणं ही नेहमीची गोष्ट.

खरी चैन लागते ती वेळेची, पुढच्या महिन्यात, आणि तिला पावती नसते. पिल्लांना छपरावरच्या जाळीच्या पिंजऱ्यात बसवून आजूबाजूची घरं, झाडं, टाक्या डोळ्यांत भरू द्यायच्या. मग एका संध्याकाळी, पोट अर्धंच भरलेलं असताना, पिंजरा उघडायचा. हातात पत्र्याचा डबा आणि डब्यात मूठभर दाणे. हा डबा वाजला की खायला मिळतं, एवढंच पिल्लाला जन्मापासून शिकवलेलं असतं. पिल्लं कौलांवर उडी मारतात, एखादं वाऱ्यात सापडून शेजारच्या गच्चीवर पडतं, आणि मालक खाली डबा खुळखुळवत उभा राहतो. पोटभर खाल्लेलं पिल्लू या डब्याला भीक घालत नाही. रोज दोन वेळा, ठरलेल्या वेळी हे चालतं. लग्नकार्याला गावी जायचं तर डबा कुणाच्या हाती द्यायचा, हा ढाबळवाल्याचा कायमचा प्रश्न.

त्यानंतर पेट्रोल. करंडी गाडीत टाकून आधी पाच किलोमीटर, मग दहा, वीस, चाळीस. पक्षी सोडायचे आणि ते आपल्याआधी घरी पोचतात का बघायचं. पोचतात.

शर्यतीत सगळे पक्षी एका ठिकाणाहून एकाच वेळी सुटतात, पण प्रत्येकाचं घर वेगळ्या अंतरावर. म्हणून पहिला कोण पोचला याला अर्थ नसतो, मिनिटाला किती मीटर उडाला ते पाहतात. 300 किलोमीटरवरची ढाबळ गाठायला एका पक्ष्याला 250 मिनिटं लागली आणि 306 किलोमीटरवरच्या दुसऱ्याला 255, तर दोघेही मिनिटाला 1200 मीटर म्हणजे बरोबरीत. एवढ्या बारीक हिशेबासाठी घड्याळ लागतं. पूर्वी शर्यतीपुरतं पायात घातलेलं रबरी कडं काढून, टोपणात घालून, मोहोरबंद घड्याळात टाकायचे आणि किल्ली फिरवायचे. आता पायात चिप असते आणि फळीवरून पक्षी गेला की वेळ नोंदली जाते. इंग्लंडात या नव्या यंत्राला काही शे पौंड पडतात. जुनी घड्याळं कुणाच्या तरी माळ्यावर पडून असतात. क्लबला चालत असेल तर नवख्यानं तेच मागून आणावं.

यंत्र कितीही महागाचं असो, छपरावर बसून राहिलेल्या पक्ष्याची नोंद ते करत नाही. तीनशे किलोमीटर जीव तोडून आलेलं कबूतर फळीपासून चार फुटांवर पिसं साफ करत बसतं. मालक डबा वाजवतो, घरातल्यांना हालू नका म्हणून खुणावतो, शेजारचा कुत्रा भुंकतो. दोन मिनिटं जातात, म्हणजे मघाच्याच वेगानं 2400 मीटर. शर्यती इथेच हरल्या जातात.

भारतात हा खेळ चेन्नई, बेंगळुरू आणि कोलकात्यात रुजला. चेन्नईतल्या शर्यतींवरचा धनुषचा 'मारी' हा सिनेमा 2015 मध्ये आला. महाराष्ट्रातला शौक जास्त करून उंच उडणाऱ्या पक्ष्यांचा, किती तास आभाळात राहिला ते मोजणारा. त्यात पक्षी घराच्या वरच असतो. चेन्नईच्या लांबच्या शर्यतींत मात्र आपलं बल्लारशा आणि नागपूर येतात. नागपूर ते चेन्नई हवाई अंतर सुमारे 900 किलोमीटर. मिनिटाला 1200 मीटरच्या वेगानंही साडेबारा तास लागतात, म्हणजे पहाटे सुटलेला पक्षी दिवस मावळताना पोचेल, आणि तोही वारा-पावसानं साथ दिली तर. बाकीचे दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी येतात. काही येतच नाहीत.

या न येणाऱ्यांचा आकडा पहिल्या अंदाजपत्रकात कुणी धरत नाही. शिक्रा, बहिरी ससाणा, विजेच्या तारा, मांजा, वाट चुकवणारं धुकं. पहिल्या हंगामात पिल्लांची भरती आणि गळती दोन्ही मोठी असतात, म्हणून चारच पिल्लं घेऊन सुरुवात करणाऱ्याकडे वर्षअखेरीस नुसती ढाबळ उरू शकते. जागाच नसेल त्यानं पिल्लू दुसऱ्याच्या हवाली करून शर्यतीत उतरावं अशीही सोय निघाली आहे. जगभरची पिल्लं एकाच ढाबळीत वाढवून तिथूनच उडवतात, मालक फी भरतो आणि घरबसल्या निकाल पाहतो. दक्षिण आफ्रिकेतली मिलियन डॉलर पिजन रेस याच पद्धतीची. तीत डबा वाजवायचा नसतो, त्यामुळे मजाही निम्मीच.

एक खर्च दुकानात दिसत नाही. पिसांची आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की काहींच्या फुप्फुसांना कायमची सूज येते आणि ती ताठर होत जातात. या रोगाचं नावच 'पिजन फॅन्सिअर्स लंग' आहे. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जो वाद पेटला, त्यात मुंबईकरांनी ते पुरतं ऐकलं. विष्ठा कोरडी खरवडू नये, आधी पाण्याचा हलका फवारा मारावा. पहिल्या दिवसाच्या खरेदीच्या यादीत सहसा नसलेला एन-95 मास्क तिच्यात सगळ्यात वर लिहावा. आणि सुताराला बोलावण्याआधी शेजाऱ्यांना विचारावं.